पाच आणि आठ वर्षांची लेकरं, दोन रात्री तंबूत. पिशवी त्यांना भरायला कशी शिकवू?

लातूरची_माय
नाताळच्या सुट्टीत येडशीजवळ ह्यांच्या मित्राच्या शेतात तंबू टाकून राहायचं ठरलंय. तीन घरं आहोत, तंबू उसने मिळालेत. थोरली आठची, धाकटा पाचचा. या वेळी आपापली पिशवी त्यांनीच भरावी असं डोक्यात आहे. दरवेळी मी भरते आणि तिथं पोचलं की "आई, माझा टॉवेल कुठाय" सुरू. काय काय घ्यायला लावू, आणि शिकवू कसं? खरेदीला सगळे मिळून १,५०० रुपये आहेत. वर एक रुपयाही नाही.

डोंगरवेडा
आधी दोघांना चांगल्या सॅक घ्या, कमरेला पट्टा असलेल्या. मी पोराला ४,५०० ची घेतली. म्हैसमाळ, अंतूर, पितळखोरा सगळं फिरली, एक टाका उसवला नाही. स्लीपिंग बॅगही घ्याच. स्वस्तातलं घेऊन पस्तावाल.

लातूरची_माय
१,५०० ओ दादा. दोघांचे मिळून.

डोंगरवेडा
मग एकच घ्या, थोरलीला.

पैठणची_काकू
सॅक काय नि बॅग काय. घरातली वाकळ घ्या, एक खाली, एक वर. लेकरं कुशीत घेऊन झोपलं की थंडी कुठली? आणि खायचं कुणीच विचारंना. दुधात भिजवलेल्या दशम्या करा, दोन दिवस काही होत नाही. संगं शेंगदाण्याची चटणी. बिस्किटाचे पुडे नेऊ नका, रात्रभर मुंग्या.

दुसरीच्या_बाई
शाळेच्या मुक्कामी सहलीआधी मी वर्गात हे करून घेते. धाकट्याला वाचता येत नसेल, तर यादी चित्रांची करा, आणि चित्रं त्यालाच काढू द्या. डोक्यापासून खाली यायचं: कानटोपी, स्वेटर, बनियन, चड्डी, मोजे, बूट. मुलं स्वतःच्या अंगाला हात लावत म्हणतात, त्यामुळे सहसा काही सुटत नाही. मग सगळं आधी सतरंजीवर मांडायचं, पिशवीत लगेच नाही. मांडल्यावर प्रश्न विचारा. "रात्री शू लागली तर काय लागेल?" बॅटरी हे उत्तर त्याच्या तोंडून यायला हवं. एका दिवसाचे कपडे एका कापडी पिशवीत, बॅटरी आणि पाण्याची बाटली सगळ्यात वर.
ओझं मुलाच्या वजनाच्या दहाव्या हिश्श्याच्या आसपास ठेवा. १८ किलोच्या पोराला पावणेदोन किलो फार झालं, त्यात अर्धा लिटर पाण्याचाच अर्धा किलो. पाठीला लावून जिना चढ-उतर करायला सांगा, नको ते तो आपणहून काढतो. आणि हात जोडून सांगते, मुलं झोपल्यावर पिशवी पुन्हा लावत बसू नका. तुम्ही लावलेल्या पिशवीतला टॉवेल तुम्हालाच सापडणार.

बापू_उदगीर
येडशी? अहो रामलिंगच्या जंगलात यवतमाळकडच्या टिपेश्वर अभयारण्यातला वाघ आला होता ना! लेकरं घेऊन तंबूत झोपायलाव?

बार्शी_रोड
२०२४ च्या शेवटी दिसला होता. कन्नडजवळच्या गौताळ्याच्या जंगलातही २०२१ मध्ये तिथूनच एक चालत आला होता. म्हणून काय कन्नडच्या लोकांनी शेती सोडली का बापू?

बापू_उदगीर
शेती सोडा असं कोण म्हणायलंय? तंबू म्हणालो मी.

बार्शी_रोड
वाघाचं राहू द्या, मण्यार बघा. रात्री फिरते, खाली झोपलेल्याला चावते, बऱ्याचदा दुखतही नाही. तंबूची चेन कायम बंद. बूट आत घ्यायचे, सकाळी उलटे करून झटकायचे. हे लेकरांना घरीच रोज करायला लावा, सवय होते. काही चावलंच तर १०८ ला फोन आणि थेट सरकारी दवाखाना. झाडपाला, मंत्र नको.

परळीची_लेक
चित्रांची यादी करा, फार छान उपाय आहे. माझी मुलगी चौथ्या वर्षापासून स्वतःची बॅग भरते, घड्यासुद्धा स्वतःच्या स्वतः. दोघांच्या गळ्यात शिट्टी द्या. चुकलं तर जागचं हलायचं नाही, तीनदा वाजवायची.

नांदेडचा_मामा
शिट्टी देऊ नका. आमच्या गटातल्या पोरांनी सकाळी सहापासून वाजवली. तिसऱ्या तासाला खरंच कुणी हरवलं असतं तरी कुणी मान वळवली नसती.

परळीची_लेक
शिकवलं नव्हतं तुम्ही. ओआरएसही ठेवा. बहुतेक मोठ्या पुड्या पूर्ण एक लिटर पाण्याच्या असतात, पुडीवर वाचा. लोक पेलाभर पाण्यात अख्खी ओततात. खेळणं मात्र एकच, मुठीत मावेल एवढं.

पैठणची_काकू
खेळणं नकोच. शेतात ढेकळं काय कमी हायेत?

दुसरीच्या_बाई
लहान खेळण्याला अनुमोदन.

डोंगरवेडा
हेडलॅम्प राहिलाच. माझा २,२०० चा आहे.

लातूरची_माय
सगळ्यांचे आभार. काल मांडामांड झाली. सॅक घेतली नाही, शाळेचीच दप्तरं रिकामी केली. दोन छोट्या बॅटऱ्या, कानटोप्या आणि शिट्ट्या मिळून ६३० गेले. (मामा, शिट्टी उठल्यावर नाही, चुकल्यावरच, असं दोघांकडून वदवून घेतलंय.) चित्रांची यादी फ्रिजवर लागली. थोरलीनं वही-पेन स्वतःहून घेतलं, ते मला सुचलंच नसतं.
धाकट्यानं मात्र जेसीबी भरला. मुठीतला नाही, हातभर लांबीचा पिवळा. जिना चढवून बघितला, धापा टाकत चढला, पण काढायला तयार नाही. त्याऐवजी स्वेटर काढला आणि म्हणाला, तो अंगात घालून येतो. तुम्ही सगळे नको म्हणालात, तरी जेसीबी येणार. पिशवी त्याची आहे.

पैठणची_काकू
स्वेटर चिखलात भरला की कळंल. वाकळ जास्तीची घ्या.

नांदेडचा_मामा
ताई, जेसीबी कुठून घेतला? आमचाही हातभराचाच मागायलाय.

लातूरची_माय
तुळजापूरला, देवळाच्या वाटेवरच्या दुकानातून. घासाघीस करा, पहिला भाव देऊ नका.