उन्हाळ्यात व्हिस्कीला गुण कसे द्यावे? अन् सोबत वाजवावं काय?

प्रश्न (दर्यापूर तालुका): अमृत फ्यूजन या भारतीय सिंगल माल्ट व्हिस्कीचा नुसता झणका नाकात जातो, तिच्यातला मधाचा-धुराचा वास काहीच कळत नाही. खोलीत ३८ अंश, कूलर सुरू, बासरी लावलेली. चुकते कुठं?

उत्तर १: भाऊ, उष्णता नडते. एवढ्या तापमानात अल्कोहोल भराभर उडते अन् बाकीचे वास झाकते. बाटली ओल्या फडक्यात गुंडाळून माठाशेजारी ठेवा. बर्फ टाकू नका, त्यानं वास दबतो. फ्यूजन ५० टक्के अल्कोहोलची आहे. २० मिलीत मोजून ५ मिली पाणी घातलं की ४० वर येते. ग्लास निमुळत्या तोंडाचा घ्या, वास घेताना ओठ किंचित उघडे ठेवा.

उत्तर २: अन् कूलरचं काय? वाळ्याच्या ताट्यांचा वास नाकात बसला की मातकटपणा व्हिस्कीचा की वाळ्याचा, समजतच नाही. दहा मिनिटं आधी बंद करा. घरघरीनं गोडवाही कमी जाणवतो. त्या दिवशी सावजी रस्सा तर नकोच.

उत्तर ३: आधी शांततेत गुण लिहा: वास, चव, मागे रेंगाळणारी चव, तोल, प्रत्येकी २५. मग तीच व्हिस्की संगीतासोबत. उंच स्वरांनी गोडवा पुढे येतो, खर्जानं कडवटपणा. म्हणून बासरीसोबत फ्यूजनचा मध शोधा, कडवट धुरासाठी खर्जातल्या रुद्रवीणेचा संथ आलाप, आवाज अगदी हळू. दोन्ही वेळचे गुण वेगळे ठेवा दादा, एकत्र केले तर बाटलीचे गुण रागाला जातात.