८० बैठका मारल्या, आता जिना उतरता येत नाहीये. मदत हवी आहे

डोंबोली फास्ट

मंडळी, हसायचं असेल तर आधी हसून घ्या, मग मदत करा.

वय ४६, बाई, बँकेत खुर्चीवरची नोकरी. शेवटचा व्यायाम शाळेतल्या लंगडीचा. रविवारी भाचा आला होता. तो हल्ली जिमला जातो आणि भेटेल त्याला तपासतो. म्हणाला, "मावशी, तुला वीस बैठका पण जमणार नाहीत." झोंबलं ना! वीस काढल्या. मग अजून वीस. करता करता ८० झाल्या. वर त्याने लंजेस घ्यायला लावले, म्हणजे एक पाय लांब पुढे टाकून गुडघ्यात वाकत चालायचं. हॉल ते स्वयंपाकघर, चार फेऱ्या. तेव्हा काहीही दुखलं नाही हो! संध्याकाळी जाऊन भाजी आणली, दोन पिशव्या.

सोमवारी उठले तर मांड्या दगड झालेल्या. आज मंगळवार, तर कालचं बरं होतं म्हणायची पाळी. कमोडवर बसताना शेवटचे चार इंच धप्पकन पडते आणि उठताना टॉवेलच्या दांडीला लोंबकळते. दांडी आता एका स्क्रूवर आहे. पण खरी परीक्षा स्टेशनच्या पुलावर. चढताना विशेष काही नाही, उतरताना मात्र प्रत्येक पायरीला गुडघा दगा देईल असं वाटतं. आज सकाळी कठडा दोन्ही हातांनी धरून खेकड्यासारखी आडवी उतरले. मागून आवाज, "ओ ताई, आम्हाला पण गाडी आहे!"

घरात प्रत्येकजण डॉक्टर. सासूबाई म्हणतात तेल लावून रगड. नवरा म्हणतो आज परत ८० मार, काट्याने काटा निघतो. शेजारीण म्हणते अॅसिड साठलंय, लिंबूपाणी पी. भाच्याने अंगठा पाठवला.

आत काही फाटलंबिटलं नाही ना? काम केलं त्या दिवशी दुखलं नाही आणि आता रोज वाढतंय, हे कसं काय? पेनकिलर घेऊ का? आणि परत व्यायाम कधी करायचा, की आपल्याला नकोच हे?

साधासुधा

अभिनंदन. मांडीत स्नायू असतो हे सिद्ध झालं.

हौद्यातला

ओ ताई, पहिल्याच दिवशी ८०? आमच्या वस्तादांनी पाठीत धपाटा घातला असता. कोल्हापुरात तालमीत नवीन पोरगं आलं की पहिले काही दिवस दहा-वीस बैठका आणि बाकी वेळ हौद्यातली माती उकरायला लावायचे. आम्हाला वाटायचं फुकट राबवून घेतात. मांड्या भरून यायच्याच, पण चालता यायचं. तुमचा भाचा वस्ताद न्हाई, एवढं नक्की.

हाडवैद्य नाही

मी फिजिओथेरपिस्ट आहे. आधी एक सांगा, तुमच्या दुखण्याला तुम्ही नेमका कोणता शब्द वापराल? मराठीत इतके शब्द आहेत की निम्मं निदान तिथेच होतं. पोटरीत *गोळा आला* म्हणजे स्नायू एकदम आवळतो, दोन-पाच मिनिटांत सुटतो. कंबरेत *उसण भरली* किंवा पाय *मुरगळला* तर ती वेळ आठवते, वाकले आणि कट्ट झालं असं माणूस सांगतो. आणि *अंग आंबलं* म्हणजे दोन्ही बाजूंना सारखं, पसरलेलं, दाबलं की जास्त, बसलेल्या जागेवरून उठताना नकोसं.

तुमचं वर्णन तिसऱ्यातलं आहे. शेजारीणबाईंचं अॅसिडही बहुधा याच शब्दातून आलेलं असावं. आंबलं म्हणजे आंबट, म्हणजे लॅक्टिक अॅसिड, जे दह्यात असतं तेच! पण व्यायामात तयार होणारं लॅक्टेट तासाभरात निचरून जातं. रविवारी भाजी घेऊन घरी येईपर्यंत संपलंसुद्धा होतं. लिंबूपाणी छान लागतं म्हणून प्या.

होतं काय, की स्नायू ताणला जात असताना त्याला भार पेलायला लावला की त्याच्या आत अगदी बारीक इजा होते. बैठकीत खाली जाताना मांडी लांबत जाते आणि त्याच वेळी तुमचं वजन तोलून धरते. लंजेसमध्ये तेच, अजून जास्त. १९०२ साली थिओडोर हफ नावाच्या अमेरिकन शरीरशास्त्रज्ञाने हे दुखणं स्नायूच्या आतल्या बारीक तुटीमुळे असावं असं लिहून ठेवलंय. त्या इजेची डागडुजी सुरू झाली की आत दाह होतो, तिथल्या नसा हुळहुळ्या होतात. याला वेळ लागतो, म्हणून त्या दिवशी नाही, दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी सगळ्यात जास्त. साधारण २४ ते ७२ तास कळस, मग ओसरत जातं, आठवड्याच्या आत संपतं. म्हणजे फाटलंय, पण दुरुस्त होणारं फाटलंय.

पूल चढताना बरं आणि उतरताना हाल, त्याचंही कारण हेच. उतरताना मांडी ब्रेकचं काम करते, पुन्हा ताणली जाता जाता भार.

आता दोन प्रश्न, उत्तर आजच द्या. लघवीचा रंग कसा आहे? आणि रोजच्या गोळ्या कोणत्या?

गडभटक्या

अगदी! आतकरवाडीतून सिंहगड चढताना दम लागतो, पण पाय दुखतात ते उतरल्यामुळे. पहिल्यांदा गेलो तेव्हा तिसऱ्या दिवशी ऑफिसच्या पायऱ्या उलटा चालत उतरलो होतो. खरंच बरं वाटतं, करून बघा. (स्टेशनवर नको.)

ता. क. व्यायामानंतर नीट ताणून घेतलं असतं तर हे झालंच नसतं.

डोंबोली फास्ट

@हाडवैद्य नाही, रंग नेहमीचाच, पिवळट. गोळ्या म्हणाल तर बीपीची एक आणि चार महिन्यांपासून कोलेस्टेरॉलची एक, रात्री. का हो? घाबरले मी.

हाडवैद्य नाही

घाबरू नका, पण फोन करा. कोलेस्टेरॉलच्या स्टॅटिन गटातल्या गोळ्यांमुळे काही जणांचे स्नायू दुखतात, आणि क्वचित त्यांना जोरदार इजाही होते. तुमचं दुखणं बैठकांचंच वाटतंय, तरी तुमच्या डॉक्टरांना दोन्ही गोष्टी कळायला हव्यात. गोळी स्वतःहून बंद करायची नाही, हे ठळक अक्षरात समजा.

लघवीचं यासाठी विचारलं. सवय नसताना अती केलं की कधी कधी स्नायूच इतका मोडतो की त्यातला मालमसाला रक्तात उतरतो आणि मूत्रपिंडांवर ताण येतो. लघवी कोऱ्या चहासारखी काळपट झाली, मांड्या टम्म सुजल्या, पाय उचलेना, तर तेल-शेक-लिंबू काही नाही, सरळ दवाखाना, रात्र असली तरी.

पेनकिलर: बीपीची गोळी चालू असताना आयबुप्रोफेनसारखी स्वतःच्या मनाने घेऊ नका, त्याच फोनवर विचारून घ्या. आणि गोळी खाऊन दुखणं दाबून परत बैठका मारायच्या, असा बेत तर मुळीच नको.

@गडभटक्या, ताणण्यावर बरेच अभ्यास झालेत, दुखण्यात फरक पडतो तो नगण्य. बरं वाटत असेल तर हलकं ताणावं, जोर लावू नये.

सासूबाईंचं निम्मं बरोबर. गरम पाण्याने अंघोळ, हलका हात फिरवणं, याने आराम वाटतो. रगडणं नको, हुळहुळलेल्या जागी अजून इजा. घरात फोम रोलर नसेल तर लाटणं घ्या, मांडीवरून हलकेच वरखाली, चपाती पातळ करायची नाहीये हे लक्षात ठेवून. त्याहून उपयोगी म्हणजे सपाट रस्त्यावर दहा-पंधरा मिनिटं चालणं, दिवसातून दोनदा. पहिली दोन मिनिटं शिव्या द्याल, मग सुटं वाटेल. झोप पूर्ण. जेवणात डाळ, उसळ, दही, अंडं खात असाल तर अंडं.

यजमानांचा काटा मात्र राहू द्या.

हौद्यातला

न्हाई पण मॅडम, दुसऱ्यांदा मारलं की दुखायचं कमी होतं हे आमच्या अनुभवाचं हाय.

हाडवैद्य नाही

अनुभव शंभर टक्के खरा, फक्त वेळ चुकवू नका. एकदा आंबलेला स्नायू तेच काम पुढे कित्येक आठवडे जास्त सहन करतो. पण आधी डागडुजी होऊ द्यायची. दुखणं दाबल्याशिवाय कळत नाही इतकं उतरलं की मग सुरू, आणि ८० नाही. दहा. खुर्ची मागे ठेवून, तिला टेकून लगेच उठायचं.

डोंबोली फास्ट

उशिरा लिहितेय, माफ करा. त्याच दिवशी डॉक्टरांना फोन केला. त्यांनी गोळी चालू ठेवायला सांगून रक्तात सीपीके, म्हणजे स्नायूला इजा झाली की रक्तात वाढतं ते, तपासायला लावलं. ते वाढलेलं आलं. मी रिपोर्ट बघून रडायच्या बेतात, तर ते म्हणाले एवढ्या बैठकांनंतर ते वाढणारच, बारा दिवस व्यायाम न करता परत तपासू. परत केलं, नॉर्मल. क्रोसिन चालेल म्हणाले होते, दोनदाच घेतली.

शुक्रवारी पूल सरळ तोंडाने उतरले. मागच्या माणसाला कळलंही नसेल, मला मात्र हात वर करावेसे वाटत होते.

दुसरा रिपोर्ट आल्यावर खुर्चीवाल्या बैठका सुरू केल्या. पहिल्यांदा दहा, एक दिवस सोडून बारा. दुसऱ्या दिवशी मांड्या किंचित जाणवतात, एवढंच. दांडीला नवीन स्क्रू बसवला.

आता भाचा म्हणतोय, "मावशी, पायांचं झालं, या रविवारी पुशअप्स." त्याला सांगितलंय की तुझा रविवार मी आधी इथे विचारून घेते. मांड्या तयार झाल्यात म्हणजे हातपण थोडे झाले असतील ना?

हाडवैद्य नाही

नाही हो, ज्याने काम केलं तोच शिकतो. दंडांचा अजून पहिलाच दिवस आहे. भिंतीला हात टेकून, उभ्यानेच, पाच. आणि सोमवारी वेणी घालायला कोणी आहे का घरात, ते बघून ठेवा.