दोन दिवसांत किती आसने शिकवावीत?

शनिवार-रविवारच्या योगशिबिरात पंचवीस आसने बसवण्याचा बेत कुणी मांडला, तर तो मला पटत नाही. वडोदऱ्यात अशी शिबिरे घेताना मी आता दहाच्या वर जात नाही, कारण नवख्या माणसाचा निम्मा वेळ श्वास न कोंडता वाकायला शिकण्यातच जातो.

खरी तयारी आधीच्या आठवड्यात होते. प्रत्येकाला फोन करून रक्तदाब, काचबिंदू, हर्निया, पाठीचे दुखणे यांची चौकशी करावी. उच्च रक्तदाब किंवा काचबिंदू असलेल्यांना शीर्षासन-सर्वांगासन द्यायचे नाही, हे ऐन वेळी सतरंजीवर सांगण्यापेक्षा आधीच ठरलेले बरे. एकदा एक काकू ‘मला काही त्रास नाही’ म्हणाल्या आणि पश्चिमोत्तानासनात (पाय पसरून बसून पुढे वाकण्याच्या आसनात) पुढे झुकताच कंबर धरून बसल्या. नुसत्या शब्दावर विसंबलो, ही चूक माझीच. तेव्हापासून मी दोन-चार जाड चादरी जवळ ठेवतो आणि ज्यांची कंबर आखडलेली असते, त्यांना चादरीच्या गुंडाळीवर बसवून, गुडघे किंचित वाकवूनच पुढे झुकायला सांगतो.

जेवणानंतर तीन-चार तासांचे अंतर हवे, हेही आदल्या दिवशी बजावावे. (रविवारी सेव-उसळ खाऊन थेट वर्गात येणारे आपल्याकडे निघतातच.)

शेवटचे शवासन मात्र वेळ उरला तर घ्यायचे म्हणून ठेवू नये. डभोईत जन्मलेले आणि वडोदऱ्यात व्यायामशिक्षक माणिकरावांकडे व्यायाम शिकलेले स्वामी कुवलयानंद यांनी १९२४ मध्ये लोणावळ्याला कैवल्यधाम ही योगसंस्था काढून आसनांचे परिणाम प्रयोगशाळेत तपासायला घेतले. त्यांच्याच मुलखात आपण दहा मिनिटांची विश्रांती उरकून टाकतो, हे मला खटकते.