मदत हवी आहे: "बहुतेक घरं कचरा वेगळा करत नाहीत" अशी नोटीस लावली आणि उलटंच झालं

नमस्कार मंडळी, थोडं मोठं लिहितेय, सांभाळून घ्या.

आमच्या सोसायटीत ६४ घरं आहेत. ओला-सुका कचरा वेगळा करून घ्यायचं काम कमिटीने माझ्याकडे दिलंय. घरोघरी जाऊन सांगून झालं, डबे झाले, पत्रकं झाली. मग पंधरा दिवस रोज सकाळी कचरा न्यायला येणाऱ्या ताईंबरोबर उभी राहून मोजलं, तर फक्त २३ घरं नीट वेगळा करून देत होती. इतकं वाईट वाटलं की त्याच संध्याकाळी लिफ्टजवळ मोठ्या अक्षरात लावून टाकलं, "आपल्या सोसायटीतली ४१ घरं अजूनही कचरा एकत्र टाकतात". म्हटलं वाचून तरी लोकांना काहीतरी वाटेल. महिन्याने परत मोजलं तर २३ ची १९ झाली होती! जी करत होती त्यातल्याच चार घरांनी सोडलं. एका काकूंना विचारलं तर म्हणाल्या, अगं एवढे सगळे जण एकत्रच टाकतायत, मग मी एकटीने दोन डबे कशाला सांभाळू? त्यांच्यावर रागावणार तरी कशी, मीच तर सांगितलं होतं ना त्यांना की सगळे असंच करतात.

मग वाचायला बसले. अमेरिकेत ॲरिझोनामधल्या पेट्रिफाइड फॉरेस्ट नॅशनल पार्कमध्ये लोक दगड झालेल्या लाकडाचे तुकडे उचलून नेतात, तिथे रॉबर्ट चियाल्डिनी आणि सहकाऱ्यांनी दोन प्रकारच्या पाट्या लावून बघितल्या. "आधी आलेल्या अनेकांनी लाकूड नेलंय" अशी पाटी असताना खूण करून ठेवलेल्या तुकड्यांपैकी जवळपास ८ टक्के गेले, आणि "कृपया नेऊ नका" एवढंच लिहिल्यावर २ टक्क्यांपेक्षाही कमी. माझी नोटीस म्हणजे हुबेहूब ती पहिली पाटी.

उलट बाजूनेही वाचलं. २००८ चा हॉटेलमधल्या टॉवेलचा अभ्यास आहे, "पर्यावरणासाठी टॉवेल पुन्हा वापरा" असं लिहिल्यावर साधारण ३५ टक्के लोकांनी वापरला, आणि "बहुतेक पाहुणे पुन्हा वापरतात" म्हटल्यावर ४४ टक्के. पुढच्या प्रयोगात "याच खोलीत राहिलेले बहुतेक पाहुणे" असं लिहिलं तर ४९ च्या पुढे गेलं. खोली कुठली याने खरं तर काय फरक पडतो, पण आपल्याच जागेतले लोक म्हटलं की माणूस ऐकतो.

आता माझी अडचण अशी की हे सगळं "बहुतेक लोक करतात" वर चालतं, आणि आमच्याकडे बहुतेक लोक करतच नाहीत. आकडा फुगवून लिहायचा नाहीये मला, ते मनाला पटत नाही आणि शेजारीच राहतो, उद्या कोणी मोजलं तर? मग लिहू काय? कोणी असं काही केलंय का? जुनी नोटीस काढलीये.

प्रतिसाद १
नोटीस काढलीत ते फार बरं केलंत. बहुमत नसेल तर नुसता आकडा न सांगता बदल सांगा. स्पार्कमन आणि वॉल्टन यांचा २०१७ चा अभ्यास बघा. कॅफेच्या रांगेत उभ्या लोकांना "३० टक्के लोक मांस कमी खातात" सांगितलं तेव्हा १७ टक्क्यांनी बिनमांसाचं जेवण मागवलं, आणि "३० टक्के लोकांनी कमी खायला सुरुवात केलीये" म्हटल्यावर ३४ टक्क्यांनी. आकडा तोच, पण लोक कुठल्या दिशेला चाललेत ते दिसलं. फक्त तुमचा आकडा आत्ता खाली आलाय, त्यामुळे लगेच नका लावू, आधी ती चार घरं परत आणा आणि मग खरी वाढ झाली की लावा.

प्रतिसाद २
जे आधीच करतात त्यांना विसरू नका हो. कॅलिफोर्नियातल्या सॅन मार्कोसमध्ये २९० च्या आसपास घरांना विजेच्या वापराची शेजाऱ्यांशी तुलना कळवली, जास्त वापरणाऱ्यांनी कमी केला पण कमी वापरणाऱ्यांनी वाढवला. पण कमी वापरणाऱ्यांपैकी ज्यांच्या कागदावर तुलनेबरोबर एक हसरा चेहराही काढून दिला होता, त्यांच्यात ती वाढ दिसली नाही. तुमच्या १९ घरांच्या दारावर चार शब्द कौतुकाचे चिकटवून या. आणि कृपा करून न करणाऱ्यांची नावं लावू नका, आमच्याकडे तसं झालं आणि लोक कचऱ्याचं सोडून एकमेकांशी भांडत बसले.

प्रतिसाद ३
एक सुचवते. लोक काय करतात आणि लोकांना काय योग्य वाटतं हे दोन वेगळे आकडे आहेत. कचरा वेगळा व्हायला हवा असं वाटतं का, एवढंच ६४ घरांना विचारा. माझा अंदाज आहे की बरीच घरं हो म्हणतील, आणि तसं झालं तर तो आकडा खरा असेल, बिनधास्त लावता येईल. प्रत्येकाला वाटत असतं की आपल्यालाच एवढी काळजी, बाकीच्यांना काही पडलेली नाही.

धागाकर्ती
खूप खूप आभार सगळ्यांचे! प्रतिसाद ३ चं मला सुचलंच नव्हतं. रविवारपासून विचारायला सुरुवात करते, आणि त्या काकूंकडे आज संध्याकाळीच जाते, त्यांना सांगते की तुम्ही एकट्या नाही, अजून १९ घरं करतायत. ताईंनाही विचारते बरोबर याल का म्हणून, कारण मिसळलेला कचरा हाताने निवडावा लागतो तो त्यांनाच आणि हे बऱ्याच घरांना माहीतच नाहीये. अजून एकच विचारायचंय, विचारताना घरातल्या एकाचंच मत घ्यावं की सगळ्यांचं? आमच्याकडे डबा भरणारं एक आणि सह्या करणारं दुसरंच असतं.