मदत हवी आहे: चालू धंदा विकत घेताना वकील करावाच का?

मंडळी, एक चालू प्रिंटिंग प्रेस घ्यायचा विचार चाललाय, मालक रिटायर होतायत, माणूस सरळ वाटतो, पण मधला एजंट म्हणतो वकील कशाला, उगाच फाटे फोडतात, माझा तयार फॉरमॅट आहे त्यावर सह्या करा. (सौदा झाला तरच त्याचं कमिशन, घाई असणारच म्हणा.) काल तो फॉरमॅट वाचला. सहा पानं, आणि चौथ्या पानावर एकच ओळ, 'धंदा आहे त्या स्थितीत घेतला'. म्हणजे मशीनवर कर्ज निघालं, जुना टॅक्स थकलेला असला तर ते माझ्या गळ्यात? अकाउंटंट म्हणाला, कंपनीचे शेअर घेतले तर जुनी देणी कंपनीसोबतच येतात, नुसती मालमत्ता घेतली तर बरीचशी टळतात, पण ॲग्रीमेंट लिहिणं माझं काम नाही. आणि मालकाने उद्या शेजारीच नवीन प्रेस टाकली तर??

ज्यांनी असा व्यवहार केलाय त्यांनी प्लीज सांगा, वकील टोकन द्यायच्या आधी गाठायचा की नंतर? फक्त ॲग्रीमेंट तपासून घेतलं तरी चालतं का? जागेचा भाडेकरार माझ्या नावावर करायचं पण तोच बघतो का?