गाडी उचलून नेली तेव्हा: अनुभव लिहा

परवा माझी गाडी उचलली. चूक माझीच, दुसऱ्याच्या फाटकासमोर लावली होती. दंड मुकाट भरला. घरी आल्यावर बघतो तर पुढच्या बंपरखालचं आवरण लोंबतंय. परत गेलो तर उत्तर मिळालं, ‘गाडी मिळाल्याची सही केलीत ना?’ दंड माझा, कबूल. मोडतोडही माझीच का? तुमचं काय झालं, लिहा.

—

सहीपाशीच सगळे फसतात हो. मी आधी गाडीभोवती फेरी मारली. मागच्या डाव्या दारावर पट्टा घासलेला दिसला. पावतीवरच ‘डावं मागचं दार, नवा ओरखडा’ असं लिहिलं, वेळ टाकली, मग सही. कारकून वैतागला, मागची रांगही. विम्याच्या सर्व्हेअरने मात्र पहिल्यांदा तोच कागद मागितला.

—

माझी ऑटोमॅटिक, पुढच्या चाकांवर चालणारी. यांनी मागून उचलली आणि ‘पार्क’ गिअरमध्ये जाम असलेली पुढची चाकं फरफटवत नेली! टायर एका बाजूने चपटे, हात फिरवला तरी कळत होतं. न्यूट्रलमध्ये ओढली असती तरी बरेचदा धोकाच. इंजिन बंद म्हणजे गिअरबॉक्सचा तेलपंपही बंद, आत कोरडं घासतं. अशा गाडीची पुढची चाकं उचलायची, नाहीतर अख्खी गाडी फ्लॅटबेडवर, म्हणजे सपाट पाठीच्या ट्रकवर घ्यायची. चारही चाकांवर चालणाऱ्या आणि बहुतेक इलेक्ट्रिक गाड्यांना फ्लॅटबेडच. हे गाडीच्या मॅन्युअलमध्ये छापलेलं असतं. त्या पानाचा फोटो भरपाईच्या अर्जाला जोडला. सात महिन्यांनी अर्धे पैसे आले. अर्धे का, ते विचारायचं त्राण उरलं नव्हतं.

—

मला आधी चोरीच वाटली. खाजगी आवार होतं, म्हणे पाटी होती. होती, झाडाच्या फांदीमागे. ड्रायव्हरच्या सीटच्या उंचीवरून फोटो काढला, त्यात नुसती पानं. उचलायला कोणी सांगितलं, किती वाजता, कुठल्या नियमाने, हे लेखी मागितलं. लेखी काही आलं नाही, पैसे आले.

—

डिकीत आईचं इन्सुलिन होतं. ‘आधी दंड, मग चावी.’ म्हटलं, गाडी ठेवा, औषध द्या. अर्धा तास हुज्जत घातल्यावर साहेबांनी स्वतः डिकी उघडायला लावली.

—

धागाकर्ता: सर्वांचे आभार. फाटकवाल्या काकूंनी तक्रारीसाठी गाडीचे फोटो काढले होते म्हणे, म्हणजे त्यात आवरण धड दिसणार. आता त्यांच्याकडे कुठल्या तोंडाने मागू?