सिंगापूर-बँकॉक विमानप्रवास: जाताना दीड तास आणि येताना साडेतीन तास कसे?

मुलुंडकर: नमस्कार. डिसेंबरमध्ये आईवडिलांना घेऊन सिंगापूरला जायचे ठरले आहे. मधले काही दिवस बँकॉकला काढून पुन्हा सिंगापूरहूनच मुंबईचे विमान पकडायचे आहे. तिकिटे पाहताना असे दिसले की, सिंगापूरहून सकाळी ९.३० ला सुटणारे विमान बँकॉकला १०.५५ ला पोहोचते, परतीचे विमान मात्र दुपारी २.०० ला सुटून ५.२५ ला उतरते. हा दोन तासांचा फरक वाऱ्यामुळे पडतो का? शिवाय अंतरही कुठे १,४१७, तर कुठे १,४४५ किलोमीटर दिले आहे. मुंबईचे विमान त्याच रात्री ८ वाजता असून त्याचे तिकीट वेगळे काढलेले आहे. एवढा वेळ पुरेल का?

दर्यावर्दी: वाऱ्याचाच परिणाम असावा. अमेरिकेच्या प्रवासातही जाण्यायेण्याच्या वेळांत असाच फरक पडतो.

नकाशावाचक: वाऱ्याचा मुद्दा पूर्व-पश्चिम प्रवासाला लागू पडतो. सिंगापूर-बँकॉक हा मार्ग जवळजवळ दक्षिणोत्तर असल्यामुळे इथे वाऱ्याने फार तर काही मिनिटे इकडची तिकडे होतात. खरा फरक घड्याळाचा आहे. तिकिटावर प्रत्येक ठिकाणची स्थानिक वेळ छापलेली असते आणि बँकॉकचे घड्याळ सिंगापूरच्या एक तास मागे आहे. त्यामुळे जाताना एक तास वजा होतो, येताना तोच वाढतो, आणि प्रत्यक्ष प्रवास दोन्ही वेळा सुमारे २ तास २५ मिनिटांचाच राहतो.

गंमत म्हणजे या दोन शहरांच्या रेखांशांत जेमतेम साडेतीन अंशांचे अंतर आहे, म्हणजे सूर्याच्या हिशेबाने पाव तासाचाही फरक नाही. मलेशियाने पूर्व आणि पश्चिम भागांची वेळ एक करण्यासाठी १ जानेवारी १९८२ पासून द्वीपकल्पातील घड्याळे अर्धा तास पुढे नेली आणि सिंगापूरने लगेच तेच केले. तोवर बँकॉकशी असलेला फरक अर्ध्या तासाचाच होता. सिंगापुरात वर्षभर सकाळी सातच्या आसपास उजाडते, ते यामुळेच.

आपण दिलेले दोन्ही आकडे बरोबर आहेत. सिंगापूरच्या चांगी विमानतळापासून बँकॉकचा सुवर्णभूमी विमानतळ हवाई अंतराने सुमारे १,४१७ किलोमीटरवर आहे, तर शहराच्या उत्तरेकडील जुना डॉन मुआंग सुमारे १,४४५ किलोमीटरवर. ताशी ८५० किलोमीटर वेगाने हे अंतर पावणेदोन तासांत कापले जावे, परंतु वेळापत्रकातील वेळ एका गेटपासून दुसऱ्या गेटपर्यंतची असते. धावपट्टीपर्यंत जाणे, वर चढणे, खाली येणे आणि उतरण्यासाठी घिरट्या घालणे हे सारे तिच्यातच धरलेले असते.

नेहमीचा प्रवासी: वेळेच्या प्रश्नाबाबत माझे मत स्पष्ट आहे: ५.२५ ला उतरणारे विमान घेऊ नये. तिकिटे वेगळी असल्याने सामान ताब्यात घेऊन पुन्हा चेक-इन करावे लागेल, काउंटर साधारणपणे सुटण्याच्या तासभर आधी बंद होतो, आणि पहिल्या विमानाला उशीर झाला तर दुसरी कंपनी त्याची जबाबदारी घेत नाही. ज्येष्ठ मंडळी सोबत असताना सकाळचेच विमान बरे. ते निवडताना बँकॉकचा विमानतळ कोणता, हेही पाहावे. स्वस्त तिकिटे बऱ्याचदा डॉन मुआंगहून असतात, आणि चुकून सुवर्णभूमीला पोहोचलात, तर तिथून डॉन मुआंग गाठायला एरवी तासभर आणि वाहतुकीच्या वेळी त्याहून अधिक वेळ लागतो.

मुलुंडकर: आभार. परतीसाठी सकाळी सुवर्णभूमीहून सुटणारे विमान पाहतो.